भाकरी शिकायची तर परातीजवळ बसून

तिशी उलटेपर्यंत मला भाकरी येत नव्हती. पुण्यात पोळ्यांना मावशी यायच्या आणि गावी गेलं की आजी होती. एका दिवाळीत आजीचं मनगट धरलं आणि घरातल्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, की तिच्यासारखी भाकरी कुणालाच येत नाही. आई नोकरीच्या धबडग्यात केव्हाच गव्हाच्या पोळीवर आली होती. त्या वर्षी मी दर पंधरा दिवसांनी सांगोल्याकडच्या आमच्या गावी गेले आणि आजीच्या परातीशेजारी पाट घेऊन बसले. भाकरी आली. तिच्यामागून ओव्या आल्या, म्हणी आल्या, बहात्तरचा दुष्काळ आला, नागपंचमीला चुलीवर तवा का चढत नाही तेही आलं. यातलं काहीच मी विचारून मिळालं नव्हतं. पीठ मळताना ते आपसूक निघत गेलं.

ज्यांना घरातल्या मोठ्या माणसांकडून हे शिकायचं आहे, त्यांच्यासाठी ज्या क्रमानं मला जमलं त्या क्रमानं लिहिते आहे.

१. आधी माणूस शोधा

सख्खी आजीच असावी लागते असं नाही. आत्या, मोठी काकू, शेजारच्या आजी, घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, कुणीही चालेल. मावशींकडून शिकणार असाल तर त्यांच्या वेळेचे पैसे आधी बोलून घ्या, त्यांचं कौशल्य फुकट मागू नका. आजोबांनाही वगळू नका. रानात राखणीला राहिलेल्या, मेंढरांमागे फिरलेल्या, वारीत दिंडीबरोबर चाललेल्या कितीतरी पुरुषांना तीन दगडांच्या चुलीवर भाकरी येते. आमच्या आजोबांची जाड, वेडीवाकडी व्हायची, पण गोवऱ्यांच्या आरात रोडगा (जाड, गोळ्यासारखी भाकरी) भाजावा तर त्यांनीच.

आणि घरातल्या मुलग्यांनाही बसवा. आमच्याकडे 'चल, भाकरी शिकवते' हे फक्त मुलींना म्हटलं गेलं. माझा भाऊ शिकला नाही, त्याला कुणी बोलावलंच नाही. ती खंत आजही मनात आहे.

२. पीठ बरोबर घेऊन जा

नवशिक्यांची पहिली भाकरी मोडते ती बहुतेक वेळा जुन्या पिठामुळे, आणि दोष मात्र हाताला दिला जातो. गव्हात ग्लुटेन असतं, ते कणकेला धरून ठेवतं. ज्वारी-बाजरीत ते नसतं. तिथे चिकटपणा येतो तो गरम पाण्यानं फुगलेल्या पिठातून आणि मळण्यातून. दळून बरेच दिवस झालेल्या पिठात तो येत नाही. याला आमच्याकडे 'पिठाची विरी गेली' म्हणतात. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच कडेला फाटते.

म्हणून ज्वारी किलो-दीड किलोच दळून आणा. बाजरी त्याहून कमी आणा, कारण तिच्यात स्निग्धांश जास्त असतो आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडवट लागायला लागतं. गिरणीत आपल्या आधी गहू दळला असेल तर पहिलं मूठभर पीठ बाजूला काढा.

ज्वारी शक्यतो रब्बीची घ्या. सोलापूरकडे अजून 'मालदांडी'चं नाव चालतं. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला हा वाण, टपोऱ्या, मोत्यासारख्या दाण्याचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही आहे. खरिपाच्या ज्वारीवर कणसात असतानाच पाऊस पडला की दाणा काळा पडतो आणि भाकरी काळपट होते. होळीच्या आगेमागे नवी रब्बी ज्वारी बाजारात येते, तेव्हा सुरुवात केलीत तर शिकणं सोपं जाईल.

परदेशात राहत असाल तर दुकानातल्या पाकिटातलं पीठ महिनोन्‌महिने जुनं असण्याची शक्यता धरून चाला आणि थेट उकड काढा (पुढे सांगते). घरघंटी असेल तर अख्खी ज्वारी आणून घरी दळा, फरक पहिल्याच भाकरीत कळेल.

आणखी एक. आपल्या माणसाच्या भागात कोणती भाकरी होती ते आधी विचारून घ्या. कोकणातल्या आजीला तांदळाची आणि नाचणीची येईल. खानदेशातली आजी कळण्याची भाकरी करेल, ज्वारीत थोडे उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठाची. तिला 'बाजरीची दाखव' म्हणालात तर ती दाखवेल, पण बोलणार नाही. आपल्या धान्यावर माणूस बोलतं.

३. पहिले दोन दिवस हात लावू नका

नुसतं बघा. मोबाइल पिशवीत ठेवा. पीठ चाळून द्या, पाणी तापवा, भाजलेल्या भाकऱ्या दुरडीत उभ्या करून लावा. एकावर एक आडव्या रचल्या तर वाफेनं खालच्या चिकट होतात. हे कारण मला आजीनं सांगितलं नाही. तिनं माझ्या हातातली भाकरी काढून उभी केली, एवढंच.

बघताना कान उघडे ठेवा. चांगल्या थापण्याचा आवाज एकसारखा येतो, भाकरी कुठे जाड राहिली तर तिथे तो बदलतो. आजी दुसऱ्या खोलीतून ओरडायची, "अगं, एकाच अंगाला बडवतीयास!"

मापं विचारू नका. मी विचारलं होतं, "आजी, पाणी किती घेऊ?"

"पीठ मागंल तेवढं."

तेव्हा चिडचिड झाली. पण ते खरंच होतं, ताजं पीठ कमी पाणी मागतं, जुनं जास्त.

४. आता हात घाला

आजीची पद्धत अशी. परातीत (तिच्या लहानपणी लाकडी काठवट असायची) एका भाकरीपुरतंच पीठ घ्यायचं, साधारण दीड मूठ. सगळं पीठ एकदम भिजवून ठेवायचं नाही. मध्ये आळं करून कडकडीत पाणी घालायचं, उलथन्याच्या टोकानं कालवायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेनं पुढे रेटत मळायचं. नवशिक्या इथेच कमी पडतात. दोन-तीन मिनिटं मळून गोळा चकचकीत, मऊ झाला पाहिजे. बोटानं दाबल्यावर कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

उकडीची पद्धत नव्या हाताला सोपी आणि तांदूळ-नाचणीला तर हीच लागते. वाटीभर पाण्याला उकळी आणायची, वाटीभर पीठ घालून ढवळायचं, आच बंद करून दहा मिनिटं झाकायचं, मग मळायचं. माझी पहिली न मोडलेली भाकरी उकडीचीच. आजी थोडी नाराज झाली होती, तरी तिनं ती खाल्ली.

थापताना परातीत खाली कोरडं पीठ भुरभुरा. गोळा चपटा करून उजव्या हाताच्या बोटांनी थापत जा. थापणारा हातच भाकरीला हलकेच पुढे ढकलतो, त्यामुळे ती आपोआप फिरत राहते. फिरली नाही म्हणजे खाली चिकटली, थांबा आणि कडेनं पीठ सारा. मधे जाड आणि कडेला पातळ ठेवू नका, उलट मधून कडेकडे सारत न्या. पहिल्या आठवड्यात वीतभर भाकरी पुरे.

मग ती तळहातावर उचलून तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकायची. परातीला लागलेली पिठाची बाजू वर येईल अशी. वरून लगेच पाण्याचा हात फिरवायचा, सगळीकडे सारखा. हे पाणी पुरतं वाळायच्या आत उलटायची. उशीर झाला तर पृष्ठभागाला तडे जातात आणि तड्यातून वाफ निसटली की भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजू द्या, मोठे डाग दिसेपर्यंत. मग चूल असेल तर तव्याखालून निखारे पुढे ओढून पहिली बाजू त्यांना दाखवायची, गॅस असेल तर थेट आचेवर धरायची. ती टम्म फुगते, पापुद्रा सुटतो.

बाजरी मळली की लगेच थापायची, ठेवली तर सैल पडते.

पहिल्या पंधरा-वीस भाकऱ्या बिघडतील. त्या टाकू नका, कुस्करून दुधात किंवा आमटीत खा. आजीकडे यासाठी म्हण तयार होती, 'कोंड्याचा मांडा करून खावा' (मांडा म्हणजे खापरावर भाजलेली मोठी, पातळ गोड पोळी). माझ्या फाटलेल्या भाकरीवर तिनं ती वापरली, तेव्हा मला म्हणीचा अर्थ पहिल्यांदा पुरता कळला.

५. बोलणं आपोआप येऊ द्या, पण वाट मोकळी करा

'तुमच्या काळातल्या परंपरा सांगा' असं विचारलं की मोठी माणसं पाठ केल्यासारखी चार वाक्यं बोलतात आणि गप्प होतात. वस्तूबद्दल विचारा. हा तवा कुणी घेतला? पहिली भाकरी कुणाला द्यायची? तुझी भाकरी मोडली तेव्हा सासू काय म्हणाली? पहिली थापली तेव्हा तू केवढी होतीस? ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली आजी असेल तर पहाटे तीनला कोपीवर (फडाजवळच्या झोपडीवर) किती भाकऱ्या बडवायला लागायच्या, ते विचारा.

साठी ओलांडलेल्या कुणालाही १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारा. तेव्हा रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे 'मिलो' म्हणत. दुष्काळी कामावर सुकडी नावाचं कोरडं पौष्टिक खाणं मिळे. त्या मिलोच्या भाकरीची चव, तिचा रंग, ती थापताना होणारा वैताग, यावर आमच्या ओसरीवर एकदा संध्याकाळभर गप्पा चालल्या. वडील तेव्हा आठ वर्षांचे होते. त्यांना तो लाल रंग अजून आठवतो.

रोजच्या बारीक रीती इथेच सापडतात. आमच्याकडे पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची. पीठ 'संपलं' म्हणायचं नाही, 'वाढलं' म्हणायचं. चुलीतला जाळ फुरफुरला की पाहुणे येणार म्हणून एक गोळा जास्त मळायचा. नवी नवरी किंवा बाळंतीण घरात येताना दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. प्रत्येक रीतीला कारण मागू नका. काही वेळा 'आमच्यात असंच' हेच उत्तर असतं, ते तसंच लिहा. कारण चिकटवण्याचा मोह फार होतो, 'यामागे विज्ञान आहे' असं काहीतरी. आजीनं न सांगितलेलं कारण तिच्या तोंडी घालणं मला अप्रामाणिक वाटतं.

लहान मुलं जवळ असतील तर कोडी काढा. घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? तिन्हींचं उत्तर एकच: फिरवलं नाही म्हणून. तव्यापाशी उभं राहून हे कोडं ऐकलेलं मूल भाकरी वेळेवर उलटायला विसरत नाही, हे मी पाहिलंय.

६. जातं असेल तर ते बाहेर काढा

गिरण्या गावोगाव पोहोचण्याआधी भाकरीची सुरुवात पहाटेच्या जात्यावर व्हायची, आणि जात्यावर ओव्या व्हायच्या. मी आजीला कितीदा म्हटलं, एखादी ओवी म्हण ना. "आता कुठं आठवतंय बाई." मग एकदा माळ्यावरचं जातं खाली उतरवलं, धुऊन वाळवलं, मूठभर ज्वारी वैरली. तिनं खुंटा धरला, दोन-चार फेरे झाले, आणि गळा आपोआप सुरू झाला. पहिली माझी ओवी करत तिनं देवांपासून सुरुवात केली, मग आईबाप, मग भाऊ, मग माहेरची वाट. पाऊण तास. खुंटा सोडला की पुढची ओळ तिला आठवायची नाही, धरला की आठवायची.

म्हणून माझा आग्रह आहे, की गाणं मागायच्या आधी काम हातात द्या. जातं नसेल तर लग्नघर शोधा. हळदीच्या आधी जातं पूजून त्यावर दळण्याची रीत अजून पुष्कळ घरांत टिकून आहे आणि तिथे गाणाऱ्या बायका भेटतात.

ध्वनिमुद्रण करायचं तर आधी विचारा. ओव्यांमध्ये सासुरवासाची, नवऱ्याची, भावकीची तक्रार असते. बाई ती जात्याला सांगत असते, सगळ्या गावाला नव्हे. 'हे कुणाकुणाला ऐकवू?' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा. आजीनं दोन ओव्या कुणालाच ऐकवू नको म्हणून सांगितलं, त्या मी ऐकवलेल्या नाहीत.

हे काम किती मोठं होऊ शकतं हे पाहायचं असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या पाहा. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांनी गायलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यात आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ 'पारी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आवाजासह ऐकता येतात. आपल्या तालुक्यातल्या ओव्या शोधून आजीला ऐकवा. दुसरीनं म्हटलेली ओवी ऐकली की "आमच्यात असं न्हाई म्हणत" म्हणून ती आपली म्हणते.

घरातलं लिहून ठेवल्यानं काय वाचतं, हे बहिणाबाई चौधरींमुळे आपल्याला माहीत आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी त्यांची गाणी उतरवून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये त्या गाण्यांचं पुस्तक आलं. कुणी उतरवलंच नसतं तर?

७. वर्षभर टिका

सणांच्या रीती एका बैठकीत विचारून लिहिल्या की यादी होते आणि यादी विसरली जाते. त्या त्या दिवशी हजर राहा.

भोगीपासून सुरू करा, संक्रांतीच्या आदल्या दिवसापासून. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि हरभरा, वांगी, गाजर, घेवड्याची मिसळीची भाजी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' हे त्या दिवशी प्रत्येक घरात ऐकू येतं. नागपंचमीला नेमकं उलटं. चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून पुरणाचे दिंड उकडतात. भाकरी ज्या घरात रोज होते तिथे तव्याचा हा एक दिवसाचा विसावा मुलांच्या लगेच नजरेत भरतो, त्याच दिवशी नागाच्या गोष्टी सांगायला सांगा. बेंदराला किंवा पोळ्याला बैलाला पुरणपोळी, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडगा.

आणि जमलं तर एकदा लातूर-धाराशिवकडची येळवस पाहाच. मार्गशीर्ष अमावास्येला अख्खी घरं शेतावर जातात. कडब्याची कोप करून आत पांडव म्हणून पाच दगड मांडतात, त्यांना भज्जी, आंबील, ज्वारी-बाजरीच्या उंड्यांचा नैवेद्य. आंबील शिंपत 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत शेताला फेरी मारतात. तिथे आजोबा, मुलगा, नातू एका रांगेत असतात आणि शिकवणं वेगळं करावं लागत नाही.

८. गोष्टी ऐका, आणि दोन्ही ऐका

भाकरी-मांड्यांभोवती संतांच्या आख्यायिका दाट आहेत. विसोबा चाटीनं कुंभारांना दम दिला म्हणून मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळेना, तेव्हा ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवली आणि तिनं त्यावर मांडे भाजले. तोच विसोबा पुढे पालटला, विसोबा खेचर झाला, नामदेवांचा गुरू. आणि मग नामदेवांची गोष्ट: कुत्र्यानं भाकरी पळवली, हे तुपाची वाटी घेऊन मागे धावले, 'देवा, कोरडी खाऊ नको'. जनाबाईबरोबर दळायला विठ्ठल बसायचा ही तर प्रत्येक ओवीकरणीची आवडती. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं म्हणून जातं दाखवतात. जात्याचा खुंटा एकदा तरी आपण ओढलेला असला की ही गोष्ट निराळी ऐकू येते. देवानं यावं आणि हात लावावा असं का वाटलं असेल, ते खांद्याला समजतं.

पण भाकरीची दुसरी गोष्टही महाराष्ट्राचीच आहे. ज्यांच्या वाडवडिलांना दारोदार भाकरतुकडा मागून आणावा लागला, ज्यांच्या ओंजळीत ती वरून टाकली गेली, त्या घरातली आजी भाकरीबद्दल वेगळं बोलेल किंवा बोलणारच नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे तुकडे आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं निक्षून सांगितलं, ते याच अपमानातून बाहेर पडण्यासाठी. माझ्या आजीच्या दारातही लोक उभे राहायचे. ती कशी वाढायची, हे मी तिला विचारलं. तिनं खरं सांगितलं आणि बराच वेळ तव्याकडे बघत राहिली. तेही मी वहीत लिहिलंय. वाढणाऱ्या घरानं फक्त गोड तेवढं लिहिलं तर वही खोटी होते.

९. वही कशी ठेवाल

फार नियम नकोत. तारीख, गाव, कुणी सांगितलं, त्या वेळी काय काम चाललं होतं. शब्द त्यांच्या बोलीतच लिहा, 'मागंल' चं 'मागेल' करू नका. दोन जणींची रीत वेगळी निघाली तर दोन्ही लिहा, बरोबर कोणती ते ठरवू नका. परगावी असाल तर व्हिडिओ कॉलवरही जमतं, फक्त फोन परातीकडे वळवा, चेहऱ्याकडे नको. तिला तुमचे हात दिसू देत, म्हणजे ती ओरडेल.

१०. चानकी

तीन-चार महिन्यांत तुमची भाकरी फुगायला लागेल. त्यानंतर एक काम आहे. भाकऱ्या झाल्यावर परातीत थोडं पीठ उरतं, त्याची तळहाताएवढी भाकरी करतात, ती चानकी. ती घरातल्या सर्वांत लहान मुलाची. माझी मला आजीनं दिलेली आठवते, वर गुळाचा खडा आणि तुपाचा थेंब.

आता भाचा पाच वर्षांचा आहे. उरलेला गोळा मी त्याच्याच हातात देते. तो दोन्ही हातांनी थापतो, परात सोडून फरशीवरच पीठ जास्त सांडतो. आजीचा हात आता उचलत नाही, ती खुर्चीवर बसून बघते आणि म्हणते, "एकाच अंगाला बडवतोय बघ."